वर्षभराचाच तर प्रश्न आहे!

परवा रात्री साडेदहाला एका मैत्रिणीचा फोन आला. कुजबुजत्या आवाजात. म्हणजे मुलं आत्ताच झोपली आहेत आणि ही बाल्कनीचं दार लोटून बाहेर उभी आहे, हे मी आवाजावरूनच ओळखलं. (दोन पोरांच्या आया दिवसभराचं सगळं महत्त्वाचं बोलणं असंच करतात.)

"ऐक ना, ह्याला ऑनसाइट आलंय. जर्मनी. एक वर्ष. मुलांना घेऊन जाऊ का गं? तू जाऊन आलीयेस म्हणून विचारते."

"केवढी झाली आता मुलं?"

"मोठा साडेतीन, धाकटी दीड. सगळे म्हणतायत, जा बिनधास्त, वर्षभराचाच तर प्रश्न आहे!"

हे वाक्य! २०२४ च्या उन्हाळ्यात हेच वाक्य मी निदान चाळीस जणांकडून ऐकलं होतं. सोसायटीतल्या काकू, माझा एडिटर, इतकंच काय, मुलांचे व्हिसाचे फोटो काढणारा स्टुडिओवालासुद्धा. 'चेहरा सरळ, तोंड बंद' या नियमात बावीस महिन्यांच्या मुलीचा फोटो बसवता बसवता बिचारा घामाघूम झाला होता, तरी जाता जाता म्हणालाच, "मॅडम, मजा आहे. पोरांना एक्स्पोजर मिळेल."

एक्स्पोजर! लहान मुलांच्या बाबतीत हा शब्द वापरणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की... जाऊ दे. मुद्द्यावर येते.

आमची केस साधी होती. नवरा पुण्यातल्या एका कंपनीत, गाड्यांसाठी लागणारं सॉफ्टवेअर करणारा. या धंद्यातल्यांना पुणे-स्टुटगार्ट हा रस्ता चाकणच्या रस्त्याइतकाच सवयीचा, फक्त खड्डे कमी. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. पुणेकर म्हणून मला याचा किंचित राग आहे.) थोरले चिरंजीव चार वर्षांचे, २०२० च्या लॉकडाऊनमधलं प्रॉडक्शन. धाकटी बावीस महिन्यांची, म्हणजे विमानात मांडीवरची प्रवासी. आणि मी फ्रीलान्सर. कॉलेज संपल्या संपल्या लग्न करून मोकळी झालेली आमच्या मास कॉमच्या बॅचमधली एकटी मीच. फ्रीलान्सर असण्याचा एक तोटा सांगते. तुम्ही 'कुठूनही' काम करू शकता, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. मीही ठरवलं होतं. 'युरोपातून दर आठवड्याला एक पत्र' असा कॉलमचा प्रस्ताव मी पाठवूनही दिला होता. चार महिन्यांत एक पत्र लिहून झालं. एक!

ऑगस्टमध्ये पोचलो. मुंबई ते फ्रँकफर्ट विमान, पुढे सव्वा-दीड तास रेल्वे. बॅगांमध्ये काय काय भरलं होतं ते आठवलं की आता हसू येतं. तिबेटी स्वेटरवाल्यांकडून घेतलेले लोकरीचे आठ स्वेटर! तिथे घरात हीटिंग असतं, त्यामुळे आत स्वेटरात मुलं उकडतात आणि बाहेर पावसात तोच स्वेटर भिजून दोन किलोचा होतो. लागते ती 'मात्शहोजे'. शब्दशः चिखलाची पँट. खांद्यावरून पट्टे असलेली, रबरासारखी, आत पाणी न शिरणारी. पाऊस असो, थंडी असो, तिथली मुलं रोज बाहेर खेळतात, आणि पालकांकडून अपेक्षा एवढीच की पँट पाठवा. आम्ही ती मुलांच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतली. असे बाजार तिथे सतत भरतात आणि चांगल्या खात्यापित्या घरचे लोक तिथे बिनदिक्कत खरेदी करतात, हे पाहून माझ्या सदाशिव पेठी मनाला फार बरं वाटलं.

आता त्या गावाबद्दल थोडंसं. स्टुटगार्ट म्हणजे वाटीसारखं शहर. मधे खोलगट, भोवती टेकड्या, उतारांवर द्राक्षांचे मळे, तेही भर शहरात! आणि चढउतारासाठी चारशेच्या वर सार्वजनिक जिने. लोक लाडाने त्यांना 'श्टेफेले' म्हणतात. एका हातात बाबागाडी आणि दुसऱ्या हातात 'मला उचलून घे' म्हणणारा चार वर्षांचा गडी असेल तर त्यात लाड करण्यासारखं काहीही नाही. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. सासूबाईंना तीन महिन्यांसाठी बोलवायचं आमच्या मनात होतं, पण त्यांचे गुडघे आणि ते गाव यांचं जमण्यातलं नव्हतं. त्या स्वतःच म्हणाल्या, "अगं, वर्षभराचाच तर प्रश्न आहे."

घराच्या दारावर एके दिवशी पाटी लटकलेली दिसली. 'केरवोखे'. मला आधी वाटलं कुणीतरी मराठी माणूस चेष्टा करतोय. 'वोखे' म्हणजे आठवडा आणि 'केर' म्हणजे... केरच की हो! त्या भागातली जुनी पद्धत आहे. इमारतीचा जिना, दारासमोरची जागा आळीपाळीने प्रत्येक कुटुंबाने झाडायची. पाटी ज्याच्या दारावर, आठवडा त्याचा. खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या घरातल्या आजींनी मला खुणांनी सगळं शिकवलं, कोपऱ्यात झाडू कसा फिरवायचा तेसुद्धा. पुण्यात मी शेवटचा जिना कधी झाडला होता? बहुधा कधीच नाही.

मुलं दंगा करतात म्हणून मी सुरुवातीला भीत भीत जगत होते. जर्मन माणूस आणि आवाज, यांच्याबद्दल इतकं ऐकलेलं! रविवारी तर ड्रिल मशीनही चालवायचं नाही. पण एक गंमत तिथे कळली. तिथे २०११ मध्ये कायद्यातच लिहून टाकलंय की पाळणाघरातून किंवा खेळाच्या मैदानातून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही. आवाजाची एवढी चीड असलेल्या देशाने मुलांसाठी मुद्दाम सवलत काढून ठेवली आहे. खालच्या आजींना हा कायदा माहीत होता की नाही देव जाणे, पण वर धावाधाव झाली की जिन्यात भेटल्यावर त्या दोन बोटं टेबलावर धावल्यासारखी करून दाखवायच्या आणि हसायच्या.

मोठ्याला ऑक्टोबरपासून 'किटा'त जागा मिळाली. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी यांचं कडबोळं. २०१३ च्या ऑगस्टपासून तिथे वर्षावरच्या प्रत्येक मुलाला जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा नाही! धाकटीला वर्षभरात मिळालीच नाही. म्हणजे माझी ऑफिसची वेळ दुपारी एक ते अडीच, ती झोपेल तेवढीच. प्रवेशाआधी गोवराच्या लसीचा पुरावा लागतो, त्याशिवाय आत घेत नाहीत. १ मार्च २०२० पासूनचा नियम आहे, मूल दोन वर्षांचं झालं की दोन डोस झालेले हवेत. आमच्या पुण्याच्या डॉक्टरांच्या फाइलमधला शिक्का इतका पुसट की तिथल्या डॉक्टरीणबाई तो खिडकीपाशी उजेडात धरून वाचत बसल्या. मग त्यांनी मोठ्याच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण कौतुकाने पाहिला. तिथे ती लस १९९८ पासून सरसकट देत नाहीत.

आपल्याकडे शाळेचा पहिला दिवस म्हणजे रडतं पोर मावशींच्या हातात, गेट बंद, आणि आई रिक्षात बसून रडतेय. तिथे पहिले काही दिवस आईने किंवा बापाने वर्गातच कोपऱ्यात बसायचं. मग दहा मिनिटं बाहेर जायचं. मग अर्धा तास. पोर रुळलं की तुम्ही सुटलात. मी दोन आठवडे त्या वीतभर खुर्चीवर, मांडीवर धाकटीला घेऊन बसले आणि समोर माझा मुलगा, पुण्यात ज्याला 'जरा गप्प बस रे' असं दिवसातून पन्नास वेळा सांगावं लागायचं तो मुलगा, एक शब्दही बोलत नव्हता.

ऑक्टोबर गेला. नोव्हेंबर गेला. तो किटात जायचा, खेळायचा, सफरचंद खायचा, चिखलात लोळायचा. पण बोलायचा नाही. जर्मन तर नाहीच, इंग्रजी नाही, मराठीही नाही. हळूहळू घरीसुद्धा बोलणं कमी झालं. आणि का होणार नाही? आम्ही शहाण्यांनी घरात मराठी बंद केली होती! तिथल्याच एका देशी ओळखीच्यांनी सल्ला दिला होता, घरात जर्मन-इंग्लिश बोला म्हणजे पटकन शिकेल. नवऱ्याचं ऑफिसपुरतं जर्मन आणि माझं फ्लॅशकार्डवरचं जर्मन. आम्ही त्या पोराला जेवण वाढताना कसलं भयंकर जर्मन ऐकवत होतो, विचार करा.

रात्री झोप यायची नाही. मोबाइलवर 'मुलगा बोलायचा थांबला' असं टाइप केल्यावर जे जे वाचायला मिळतं ते सगळं मी वाचलं. ते तुम्ही वाचू नका.

शेवटी किटातल्या बाईंना विचारलं. त्या मुळीच घाबरलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, अनोळखी भाषेत पडलेली पुष्कळ मुलं काही आठवडे, काही महिने गप्प असतात. ऐकत असतात, साठवत असतात. मग त्यांनी विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?" मी फुशारकीने सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "तुम्ही त्याच्यावर ओरडता कुठल्या भाषेत?"

"मराठीत."

"मग प्रेमही त्याच भाषेत करा. जर्मनचं आम्ही बघतो."

त्या दिवशी जिने चढता चढता मी मोठ्याला अख्खी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली. मराठीत, हातवारे करून. लोक बघत होते. बघू देत.

त्याआधीची एक गोष्ट राहिलीच. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या सणाला, तिथे लहान मुलं हातात कागदी कंदील घेऊन अंधार पडल्यावर मिरवणुकीने जातात. कंदील मुलांनी किटात स्वतः केलेले, काठीच्या टोकाला लटकवलेले. लक्ष्मीपूजन होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, आमच्या बाल्कनीत पुण्याहून घडी करून नेलेला आकाशकंदील तसाच लटकत होता. मोठ्याने परस्पर ठरवून टाकलं की ही पण दिवाळीच, फक्त आकाशकंदील फिरायला नेतात. सगळी मुलं गाणी म्हणत होती. हा काठी घट्ट धरून, ओठ मिटून चालला. मला रडू येत होतं. आणि रात्री दिवा घालवल्यावर पांघरुणातून आवाज आला. अख्खं गाणं. चालीसकट, शब्दांसकट, आणि जो खर्जातला 'र' मला आजवर जमलेला नाही त्या 'र'सकट. मी श्वास रोखून पडून राहिले. सगळं आत जात होतं की!

पहिला शब्द बाहेर पडला जानेवारीत. किटात लाल रंगाची एक बसायची गाडी होती, ती कुणीतरी ओढली. आमचे चिरंजीव गरजले, "नाइन! माइन्स!" नाही! माझं आहे! संध्याकाळी बाई दारातच मला हे सांगायला थांबल्या होत्या. पोरगं बोर्डात आल्यासारखा आनंद होता त्यांच्या चेहऱ्यावर.

पण ते जानेवारीत. डिसेंबर आमचा वाईट गेला. साडेचारला अंधार. सकाळी आठपर्यंतही अंधार. धाकटीला ताप, मोठा मुका, माझे दोन लेख थकलेले. आणि नवरा एका संध्याकाळी सहज म्हणाला, "तू तर घरीच असतेस ना दिवसभर?" मी उत्तर दिलं नाही. पाटी आमच्या दारावर होती. झाडू आणि बादली घेतली आणि तिसऱ्या मजल्यापासून खाली जिना घासायला सुरुवात केली. एवढा स्वच्छ जिना त्या इमारतीने कधी पाहिला नसेल. खालच्या आजींनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि नाताळच्या घरगुती बिस्किटांची बशी घेऊन आल्या. आम्ही दोघी पायरीवर बसून बिस्किटं खाल्ली. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी. नवऱ्याबद्दल बोलायला भाषा फारशी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, किटातून आणायला आजपासून तू जायचं. तो गेला आणि जरा चपापून परत आला. "अगं, तिथे निम्मे बाप होते!" त्याच्या टीममधले लोक पाचला लॅपटॉप मिटून उठायचे, कुणाला त्यात काही वाटायचं नाही. तोच एकटा पुण्याच्या सवयीने सातपर्यंत बसायचा. त्या दिवसापासून तो साडेपाचला घरी. मुलांना आंघोळ, जेवण, गोष्ट. पुण्यात डायपर कुठल्या कपाटात आहेत हे ज्याला विचारावं लागायचं तो माणूस! एक्स्पोजर-एक्स्पोजर म्हणतात ना, आमच्या मुलांना जर्मनीत काय मिळालं म्हणाल तर दिवसाउजेडी दिसणारा बाबा मिळाला. माझी पत्रंही त्यानंतर सुरू झाली. आता पुण्यात तो पुन्हा रात्री साडेनऊला अमेरिकेच्या कॉलवर असतो. याचं काय करायचं ते मला माहीत नाही.

आणि सासूबाई. दोन्ही पोरं त्यांच्या मांडीवर वाढली. आम्ही गेलो आणि त्यांचं घर एका दिवसात रिकामं झालं. रोज व्हिडिओ कॉल ठरलेला. २७ ऑक्टोबर २०२४ ला तिथली घड्याळं तासभर मागे गेली, साडेतीन तासांचा फरक साडेचारचा झाला. त्या आपल्या जुन्याच वेळेला फोन घेऊन बसल्या. "घड्याळ मागे करतात म्हणजे? सगळ्या देशाचं?" धाकटी त्यांना फोनमध्येच ओळखायला लागली. तिच्या लेखी आजी फोनमध्ये राहायची. जेवताना ती स्क्रीनला घास भरवायची, आणि आजी तिकडे तोंड उघडून 'आ' करायच्या. काही दिवसांनी त्या कॉल लवकर आवरायला लागल्या. देवाला दिवा लावायचाय, दूधवाला आलाय. चार वर्षांच्या मुलाचं वर्ष म्हणजे पाव आयुष्य. धाकटीचं तर अर्ध्याहून जास्त. आणि सत्तरीच्या माणसाकडे अशी किती वर्षं असतात, हा हिशोब मी टाळत होते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये परतलो. सासूबाई दारात तुकडा ओवाळून टाकायला उभ्या. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं, परत त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी बाहेर कशी आली?"

सगळे हसले. आईही हसल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मोठा सीनियर केजीत. वर्गातली मुलं जोडअक्षरांत इंग्रजी लिहितायत आणि याला ए टू झेड सलग येत नाही, कारण किटात अक्षरं शिकवतच नाहीत. याला येतं काय, तर झाडावर चढता, सुरीने सफरचंद कापता आणि चिखलाची पँट स्वतः घालता. त्या पँटला इथे मार्क नाहीत. नातेवाईक विचारतात, "वर्षभर शिकला काय मग?" तिसऱ्या आठवड्यात शाळेतून बोलावणं आलं. "मॅम, ही इज नॉट टॉकिंग ॲट ऑल. ॲट होम प्लीज स्पीक इन इंग्लिश." मी हसून मान डोलावली आणि घरी येऊन त्याला मराठीत म्हटलं, चल, भाजी आणायला.

हे सगळं फोनवर सांगता सांगता बारा वाजले. मैत्रीण शेवटी वैतागून म्हणाली, "अगं, पण म्हणजे जाऊ की नको?"

"आधी गोवराच्या डोसचे कागद काढ," मी म्हटलं. "आणि नवऱ्याला विचार, ऑफिसमधून किती वाजता निघणार."

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "थांब, आत्ताच विचारते."

मोठ्याचं जर्मन आता भराभर चाललंय. गेल्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन तीन आठवडे झाल्यावर एका संध्याकाळी त्याने आकाशकंदील काढायला लावला, आजीच्या फुलं काढायच्या काठीला बांधला आणि पार्किंगमध्ये निघाला. मागे धाकटी, तिच्या मागे सोसायटीतली चार-पाच पोरं. वॉचमनकाकांनी विचारलं, "काय रे, कसली मिरवणूक?" तो थांबला नाही. चाल अगदी बरोबर गुणगुणत होता. शब्द मात्र दोनच उरले होते, आणि बाकीच्या जागा तो 'ला ला ला'ने भरत होता. मागची पोरं तेच 'ला ला ला' जोरजोरात म्हणत होती, आणि सासूबाई गुडघे धरत जिना उतरून त्यांच्या मागे मागे चालल्या होत्या.